पूल वर आला ते वर्ष

पाण्याच्या मधोमध एक बगळा उभा होता. एरवी तिथं लांबात लांब बांबूही तळाला टेकत नसे, आणि हा मात्र अंगणात उभं राहावं तसा एका पायावर निवांत उभा. नावाडीण काठावर भांडी घासत होती. तिनं आधी नुसतं बघितलं, मग हात धुतले आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तो बगळा कशावर उभाय बघा जरा."

नावाड्यानं कपाळाशी हात धरून पाहिलं. मग म्हणाला, "पूल."

"कुठला पूल?"

"जुना. गावाचा." आणि तो नावेकडं न बघता घरात गेला.

तिला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पूल तिनं फक्त सासूच्या तोंडून ऐकला होता. धरणाची भिंत इथून दिसत नसे. ती दूर खाली, डोंगरांच्या दोन वळणांपलीकडं. तिथं अडलेलं पाणी मागं मागं सरकत या खोऱ्यात आलं, ओढ्याओढ्यांतून वर शिरलं, टेकड्यांची बेटं करून बसलं. त्याआधी नदीचे दोन्ही काठ एकाच गावाचे होते आणि मधे दगडी पूल. धरण भरत आलं तसं अर्धं गाव या अंगाच्या चढावर गेलं, अर्धं त्या अंगाच्या. मधे एवढं पाणी की पलीकडच्या माणसाची हाक ऐकू येईना. त्या पाण्यावर नावाड्याच्या बापानं नाव घातली. बाप गेला, मुलानं वल्हं धरलं. "गाव बुडालं म्हणून आपली चूल पेटते," असं म्हातारी म्हणायची. म्हातारी म्हणजे नावाड्याची आई. आणि मग स्वतःच पुढं जोडायची, "बुडालेलं खाऊन जगतो आपण."

मागच्या वर्षी वरच्या डोंगरात पाऊस झालाच नाही. धरण निम्मंही भरलं नाही, आणि खालच्या शहरांची तहान काही कमी झाली नाही. पाणी रोज थोडं थोडं उतरत गेलं. बगळा दिसला त्यानंतर काही दिवसांत पुलाचा कठडा दिसला, मग कमानी, मग दोन्ही बाजूंनी पुलाकडं उतरणारा जुना फरसबंदी रस्ता. त्यावर गाळाचा थर होता, पण खाली दगड घट्ट होता. पाय रुतत नव्हता.

पहिला दूधवाला गेला. सायकलला कॅन अडकवून, चप्पल हातात घेऊन तो पुलावरून पलीकडं पोहोचला आणि तिकडून त्यानं नावाड्याला हात केला. त्यात कुचेष्टा नव्हती, आनंद होता. पण नावाड्याच्या तो जिव्हारी लागला. मग शाळेच्या बाई जाऊ लागल्या. मग शिंपी, मग सगळेच. ज्यांनी वर्षानुवर्षं काठावरून "ए नाव" म्हणून घसा कोरडा केला होता, ते आता नावेशेजारून मान खाली घालून जायचे, आणि जे मान खाली घालत नसत ते जास्त टोचायचे. एकाची मोटारसायकल रस्त्याच्या तोंडाशी चिखलात फसली. "नावाडीदादा, जरा मागून रेटा," तो म्हणाला. नावाड्यानं रेटली. चाकानं उडवलेला चिखल त्याच्या छातीवर बसला. गाडी निघाली तसा तो माणूस सवयीनं म्हणाला, "उद्या जरा लवकर निघू हं."

त्यानंतर नावाड्यानं नाव ओढून काठावर पालथी घातली आणि तिला डांबर लावायला घेतलं. डांबर लावून झालं. मग त्यानं पुन्हा लावलं.

"आता तिसऱ्यांदा लावलंत तर नाव वजनानंच बुडेल," नावाडीण म्हणाली.

तो नावेच्या सावलीत पाय पसरून बसला.

म्हातारीला आता लांबचं दिसत नसे. ती दारातल्या बाजेवर बसून रोज विचारायची, "सूनबाई, आज कुठवर उतरलं?"

"पुलाच्या खाली डावीकडं एक उंचवटा दिसतोय. त्यावर दगडांची रांग आहे."

"ते खळं. आणि त्याच्या पुढं?"

"पुढं नुसता काळा गाळ. उन्हात चकाकतोय."

म्हातारीनं मांडीवर हात ठेवले. "तो चकाकतो तिथंच आपली काळी पट्टी. ओढा नदीला मिळायचा त्या कोपऱ्यात. जमीन अशी की बी फेकलं तरी उगवायचं, आणि आता तर त्यावर एवढ्या वर्षांचा गाळ बसलाय." थोड्या वेळानं म्हणाली, "तू माहेरी कलिंगडं करायचीस ना?"

"बाबा करायचे. मी आळी खणायचे."

"मग खण की."

नावाडीण उठली. कोपऱ्यात कधीची पडलेली कुदळ काढली. तिचा दांडा सैल झाला होता. पाचर ठोकून घट्ट केला. नावाडी नावेच्या सावलीतून बघत होता.

"कुठं?"

"खाली. काळ्या पट्टीत."

"मी पाण्यावरचा माणूस. मला मातीतलं काही कळत नाही."

"मला कळतं. तुम्ही फक्त घमेलं उचला."

खाली जाणं सोपं नव्हतं. रस्ता सोडला की गाळ मांडीपर्यंत घ्यायचा. एक पाय काढावा तर दुसरा आत जाई, आणि काढलेल्या पायातली चप्पल तिथंच राही. नावाड्यानं मग नावेतल्या बसायच्या फळ्या सोडवून आणल्या. एक टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलून पुढं टाकायची. दुपारपर्यंत ते ओढ्याच्या कोपऱ्यात पोहोचले. तिथं वरचा थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि तो माणसाचं वजन घेत होता. नावाडिणीनं पहिली कुदळ मारली. खालून ओली, काळी, लोण्यासारखी माती आली. तिनं ती चिमटीत धरून नाकाशी नेली. बापाच्या शेतात अशी माती तिनं कधी पाहिली नव्हती.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. खणा."

पाण्याच्या अंगाला त्यांनी आळी करायला घेतली. हातभर खोल खड्डा, त्यात घमेलंभर शेणखत, वर भुसभुशीत माती, बोटानं चार ठिकाणी टोचून चार बिया. शेणखत घरून डोक्यावर आणायचं. फळ्यांवरून तोल सावरत नावाडी आणायचा, आणि पहिल्याच दिवशी घमेल्यासकट आडवा झाला. तोंडावर शेणखत आणि गाळ. नावाडीण हसली, आणि मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तोही हसला. संध्याकाळी तिच्या तळव्यांना फोड आले होते आणि त्याच्या पाठीला आग लागली होती. वल्हं मारणारी पाठ वेगळी आणि वाकणारी पाठ वेगळी, हे त्याला त्या रात्री कळलं.

आळ्यांच्या ओळी पूर्ण होत आल्या तेव्हा पलीकडच्या काठानं एक म्हातारा माणूस काठी टेकत उतरला. पूल ओलांडून, फळ्यांवर पाय टाकत तो थेट त्यांच्या शेतात आला. खांद्यावर दोरीचं भेंडोळं होतं. नावाड्यानं ओळखलं आणि कुदळ खाली ठेवली.

"काका," तो म्हणाला.

हे त्याच्या बापाचे धाकटे भाऊ. गाव फुटलं तेव्हा थोरला या काठाला आला, धाकटा त्या काठाला गेला. घरची एकच नाव होती, ती थोरल्याकडं राहिली. तेव्हापासून काकांनी त्या नावेत पाय ठेवला नाही. "अर्धी नाव माझी. माझ्याच नावेत मी उतारू म्हणून बसू?" असं ते म्हणत. ती नाव कधीच कुजून गेली होती, तिच्यानंतर दुसरी आली होती, पण काकांचा हट्ट कुजला नव्हता. या काठाला यायचंच झालं तर ते धरणाच्या भिंतीवरून बसनं वळसा घालून येत. थोरला भाऊ गेला तेव्हाही वळशानंच आले, आणि पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घोटभर पाणीही न घेता परत गेले. म्हातारीनं ते मनात धरलं होतं.

काकांनी आळ्यांवरून नजर फिरवली. "कुणाला विचारून?"

"आपलीच पट्टी ना काका."

"आपली म्हणजे कुणाची? वाटणी झालीच नव्हती. झाली असती तर ओढ्याकडची बाजू माझी होती." त्यांनी दोरी सोडली, एक टोक पुलाच्या दगडाला बांधलं, दुसरं टोक ओढत आळ्यांच्या मधून नेलं आणि खुंटी ठोकली. दोरी तिच्या ओळींची वरची टोकं तिरपी कापून गेली. ताज्या मातीत त्यांच्या टाचांचे ठसे उठले. एका आळ्यातलं बी टाचेखाली गेलं.

नावाड्याच्या मानेची शीर फुगली. नावाडिणीनं त्याचं मनगट धरलं.

"काका," ती म्हणाली, "आम्ही तेव्हा नव्हतो. सासूबाई होत्या. त्यांनी सांगावं."

"तिला चार पावलं टाकता येत नाहीत. ती काय इथं येणार?"

"आणतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव सुलटी केली, आत गोधडी अंथरली आणि म्हातारीला उचलून आत बसवलं. ओल्या गाळावरून रिकामी नाव सरसर घसरते हे नावाड्याला ठाऊक होतं; माणूस बसलं तरी घसरते हे त्या दिवशी कळलं. पुढून तो दोरीनं ओढत होता, मागून ती रेटत होती. म्हातारी दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसली होती. पुलावरून जाणारे दूधवाला आणि शिंपी कठड्याला टेकून बघत राहिले.

"कुठं निघालात आजी?" दूधवाल्यानं वरून विचारलं.

"सासरी," म्हातारी म्हणाली.

काका खुंटीपाशी उभे होते. नाव थांबली. कितीतरी वर्षांनी दीर-भावजय समोरासमोर आले, आणि कुणालाच आधी बोलायचं नव्हतं. शेवटी काका म्हणाले, "वाळली आहेस वहिनी."

"तुम्ही कुठं गुटगुटीत राहिलात भाऊजी," म्हातारी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा नाक पुसायला माझ्यामागं यायचात. आता दोऱ्या बांधता?"

"विषय जमिनीचा आहे."

"मग बोला जमिनीचं. विहीर कुठं होती?"

"इथं." काकांनी काठी टेकली.

"तिथं गोठा होता. विहीर या हाताला."

"गोठा? वहिनी, गोठा रस्त्याच्या पलीकडं होता. त्याच्या भिंतीवरून मी पडलो होतो."

"पडलात ते घराच्या भिंतीवरून. हळद मी लावली होती, मला माहीत."

दोघांचा आवाज चढत गेला. घराचं दार कुठल्या दिशेला होतं तिथवर मजल गेली आणि तेही दोघांचं वेगळं निघालं. नावाड्यानं कंटाळून बांबू उचलला आणि काका म्हणत होते तिथं गाळात खुपसला. तो पूर्ण आत गेला. म्हातारी म्हणत होती तिथं खुपसला. तिथंही गेला. कुठंच दगड लागला नाही. विहीर, गोठा, दार सगळं हातांनी पोहोचता येणार नाही इतकं खाली होतं. दोघं म्हातारे बांबूकडं बघत राहिले.

"बरं," म्हातारी जराशानं म्हणाली. "दोरी राहू दे. पाण्याच्या अंगाचं भाऊजींचं, चढाच्या अंगाचं आपलं. धाकट्याचं ताट आधी वाढायचं असतं."

पाण्याच्या अंगालाच जवळजवळ सगळी आळी होती. नावाडिणीनं सासूकडं पाहिलं. म्हातारी दुसरीकडं बघत होती. नावाडिणीनं फळ्या उचलल्या, कुदळ खांद्यावर टाकली, आणि परतीला नाव इतक्या जोरानं रेटली की म्हातारीला दोनदा "सावकाश" म्हणावं लागलं.

संध्याकाळी तिनं ताटं आपटून वाढली.

"माझी आळी होती ती," ती शेवटी म्हणाली.

"होती," म्हातारी म्हणाली.

"मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

नावाडिणीनं पाण्याचा तांब्या सासूपुढं ठेवला आणि आत जाऊन पडली. पण झोपायच्या आधी तिनं नवऱ्याला सांगितलं, "उद्या पहाटे निघायचं. वरच्या अंगाला माती लवकर वाळते."

वरच्या अंगाला सगळंच कष्टाचं होतं. माती चिवट, कुदळ अडकायची. पाणी आणायचं ते नदीच्या पात्रातून, काकांच्या पट्टीला वळसा घालून. कारण दोरीवरून पाय टाकला की काका खोकायचे. नावाड्यानं वल्हं आडवं खांद्यावर घेऊन दोन टोकांना दोन घागरी अडकवल्या. पहिल्या दिवशी निम्मं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. आठवडाभरात थेंब सांडेनासा झाला. नावेत उभं राहून तोल सांभाळणाऱ्या माणसाला फळीवरून चालणं ते काय, आणि तो आता शीळ घालत चालायचा.

काकांचे वेल पुढं पळाले. तिनंच पेरलेल्या बिया, तिनंच घातलेलं खत. काका सकाळी पट्टीत येऊन वेलांची तोंडं सरळ करायचे आणि मग वरच्या बाजूला बघून विचारायचे, "कसं काय सूनबाई, वरचे वेल?"

"येतायत हळूहळू."

"हळूच यायचे. वरचं आहे."

तिला राग यायचा. पण काका एकटेच असतात हेही ती बघायची. मुलगा ट्रकवर, महिना महिना घरी नसायचा. सुनेच्या कडेवर तान्हं. काका घागर भरून निघाले की दर दहा पावलांवर टेकवायचे आणि कुणी बघत नाही ना म्हणून इकडं तिकडं बघायचे. नावाडी एकदा न बोलता गेला, त्यांची घागर उचलली, वेलांपाशी ठेवली आणि परत आला. काकांनी त्यालाही काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवशी ते खोकले नाहीत.

फळं मुठीएवढी झाली होती त्या दुपारी नावाडी घागर भरता भरता थांबला. पात्रातल्या काडीकचऱ्याकडं बघत राहिला.

"पाणी येतंय," तो म्हणाला.

"आभाळ तर कोरडं आहे."

"पावसाचं नाही. वरच्या धरणातून सोडलंय. फेस बघ. संध्याकाळपर्यंत हातभर चढेल."

डोंगरात वर आणखी एक लहान धरण होतं; खालच्या शहरांसाठी त्यातून पाणी सोडलं की असंच व्हायचं. वर्दी कुणी देत नसे, आणि इतकी वर्षं द्यायची गरजही नव्हती, कारण इथं खाली कुणी काही पेरलेलंच नसे. काकांनीही पाहिलं. ते फावडं घेऊन पट्टीच्या पुढच्या कडेला धावले आणि नदीसमोर गाळाचा बांध घालू लागले. नावाडीण क्षणभर आपल्या वेलांत उभी राहिली. तिचे वेल उंचावर होते. हातभर पाण्यानं त्यांना काही होणार नव्हतं. मग तिनं घमेलं उचललं आणि दोरी ओलांडली.

"काका, तिथं नाही," नावाडी ओरडला. "पुढून नाही येणार. मागून येईल, ओढ्याच्या तोंडातून. तिथं जमीन खोल आहे."

"मला शिकवतोस? माझं शेत आहे हे."

"शेत तुमचं. पाणी माझं आहे काका."

काकांनी ओढ्याकडं पाहिलं. गाळात एक बारीक चकचकीत रेघ खरंच आत येत होती. त्यांनी फावडं उचललं आणि मुकाट्यानं मागं आले.

तिघांनी मिळून ओढ्याच्या तोंडाशी गाळ टाकायला सुरुवात केली. घमेल्यानं, फावड्यानं, शेवटी नुसत्या हातांनी. टाकलेला गाळ पाण्यासरशी विरघळून जायचा. नावाडिणीची नखं उलटली. काकांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तरी ते थांबेनात. पाणी पहिल्या ओळीच्या पानांना लागलं. नावाडी पळत गेला आणि नाव ओढत घेऊन आला. ओढ्याच्या तोंडात त्यानं ती कुशीवर आडवी केली. मापानं बनवल्यासारखी बसली नाही, दोन्ही टोकांना फट राहिली, पण मधला मोठा लोंढा अडला.

"बांधायला हवी," तो दम खात म्हणाला. "नाहीतर उचलून नेईल. दोर हवा."

दोर नव्हता. नावेचा दोर घरी होता. काकांनी इकडं तिकडं पाहिलं, मग वाकून खुंटी उपटली आणि आपली हद्दीची दोरी गोळा करत आणली. एक टोक पुलाच्या दगडाला होतंच. दुसरं नावाड्यानं नावेच्या नाकाला आवळलं. मग तिघं फटी बुजवायला लागले. चिखल, दगड, उपटलेलं गवत, नावेत राहिलेली म्हातारीची गोधडी, हाताला लागेल ते.

पाणी चढलं आणि थांबलं. ओढ्याजवळच्या ओळी गेल्या. बाकीचं सगळं राहिलं. तिघंही बांधाच्या आतल्या बाजूला चिखलात बसले होते. डोळे तेवढे पांढरे दिसत होते. काकांनी एक बुडालेला वेल ओढून काढला. त्याला छोटं फळ होतं. त्यांनी ते मनगटानं पुसलं, फोडलं. आत पांढरं. तरी त्यांनी तिघांत तुकडे वाटले आणि तिघांनी ते कचाकचा खाल्ले.

"कच्चंय," काका म्हणाले.

"हो," नावाडीण म्हणाली. "पण पाणी आहे त्यात."

दोन दिवसांत त्यांनी नावेच्या जागी मातीचा भक्कम बांध घातला आणि नाव मोकळी केली. त्यानंतर दोरी पुन्हा कुणी बांधली नाही. पाणी आता पट्टीच्या शेजारीच येऊन थांबलं होतं, त्यामुळं वरच्या वेलांना द्यायला लांब जावं लागेना. सकाळी काका वरच्या ओळीत शिरायचे, कुठल्या वेलाचं टोक खुडायचं ते सांगायचे. निम्मं बरोबर असायचं. नावाडीण खालच्या ओळींतलं गवत काढायची. कुणाचं काय हे ठरवायचं राहूनच गेलं.

आणि फळ आलं. गाळानं इतक्या वर्षांचं साठवलेलं एका हंगामात देऊन टाकायचं ठरवल्यासारखं आलं. वेलाखाली हात घातला की गार, गुळगुळीत पाठ लागायची. विकायला लांब जायची गरजच नव्हती. सगळं गाव पुलावरून ये-जा करत होतं. काकांनी कठड्याला टेकून ढीग मांडला आणि स्वतः दगडावर बसले. नावाड्याला विकायची लाज वाटायची. त्याला उतारूंच्या हाका ऐकायची सवय, स्वतः हाक मारायची नव्हती. काकांना लाज ठाऊकच नव्हती. फळावर टिचकी मारून ते गिऱ्हाईकाच्या कानाशी धरायचे. "ऐका. बोलतंय का नाही?"

"काय बोलतंय?" शाळेच्या बाई विचारायच्या.

"घेऊन जा म्हणतंय."

बाई हसायच्या आणि घ्यायच्या. शिंपी एकदा कठड्यावर बसूनच अख्खं फळ संपवून उठला आणि मग म्हणाला, आता घरी काय नेऊ, तर काकांनी दुसरं पुढं केलं. मोटारसायकलवालाही थांबला. नावाड्यानं त्याच्या गाडीला फळं बांधून दिली, आणि चिखलात चाक फसलं तसं मागून रेटूनही दिलं. या वेळी त्यानं एका बाजूला उभं राहून रेटलं.

म्हातारीला ते दर दोन दिवसांनी नावेतून खाली आणायचे. ती गोधडीचा विषय काढायची, मग फळ हातात घेऊन वजन करायची. एकदा नावाडीण शेजारी बसली असताना ती म्हणाली, "त्या दिवशी तुझी आळी दिली."

"हं."

"पुन्हा तसंच करावं लागलं तर पुन्हा करीन. पण तुला विचारीन आधी."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तरी करीन," म्हातारी म्हणाली, आणि नावाडिणीला हसू आवरलं नाही.

एके सकाळी नदीचं पाणी गढूळ झालं. वरच्या डोंगरांवर आभाळ काळं होतं. इथं अजून ऊन होतं, पण पाणी रोज थोडं थोडं चढू लागलं, आणि आता ते बांधानं अडण्यातलं नव्हतं. त्यांनी घाईनं उरलेली फळं काढली, वेल ओढून टाकले. काळी पट्टी गेली, खळं गेलं. शेवटच्या दिवशी काका या काठाला फळं पोहोचवायला आले आणि गप्पांत बसले. उठून पाहिलं तर पुलाच्या मधल्या भागावरून पाणी वाहत होतं.

"झालं," काका म्हणाले. "आता बस किती वाजता आहे?"

"बस कशाला? नाव आहे की," नावाडीण म्हणाली.

काकांनी नावेकडं पाहिलं. नावाडी फळ्या परत जागच्या जागी बसवत होता, मान वर न करता. काका काठावर जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिचं नाक उजवीकडं ओढतंय. ओढ्यात आडवी टाकलीस तेव्हा वाकलं असणार. कुणीतरी पुढं बसून सांगायला हवं." आणि धोतर सावरून पुढच्या फळीवर जाऊन बसले.

तेवढ्यात म्हातारीनं बाजेवरून हाक दिली. "सूनबाई, माझी दोन लुगडी बांध."

"कुठं निघालात?"

"पलीकडं. माझं अर्धं गाव तिकडं आहे. अजून कोण कोण आहे ते बघून तरी येते. भाऊजींच्या नातवाला अजून पाहिलं नाही."

"कधी येणार?"

"कंटाळा आला की. मला नाही, त्यांना."

नावाडिणीनं गाठोडं बांधलं, त्यात दोन भाकरी घातल्या. म्हातारीला उचलून मधल्या फळीवर बसवलं. मागून शाळेच्या बाई, दूधवाला, शिंपी घाईघाईनं आले आणि "थांबा, थांबा" म्हणत चढले. नावाड्यानं वल्हं टेकवलं. नाव काठापासून सुटली. लांब जाईपर्यंत काकांचा आवाज येत होता, "डावीकडं. अरे, डावीकडं म्हणतो मी," आणि त्यावर म्हातारीचा, "तो बरोबर नेतोय, तुम्ही गप्प बसा."

मग तेही ऐकू येईना.

नावाडीण घरात आली. घर रिकामं होतं. लग्न होऊन आल्यापासून या घरात ती कधी एकटी नव्हती, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. तिनं सवयीनं झाडू घेतला, मग ठेवून दिला. कोपऱ्यात घरासाठी राखलेलं एक कलिंगड होतं. तिनं ते फोडलं आणि कुणाला वाढायचं नव्हतं म्हणून अगदी मधला, बिनबियांचा गोड भाग आधी खाल्ला. मग दारातल्या म्हातारीच्या बाजेवर जाऊन आडवी झाली. वारा येत होता. पाण्याचा आवाज जवळ आला होता.

काठावर कुणीतरी उशिरा आलेला उतारू हाका मारत होता. "ए नाव... आहे का कुणी घरात?"

"येईल इतक्यात," तिनं पडल्या पडल्याच सांगितलं. "बसा तोवर." आणि कूस बदलून भरदुपारी झोपी गेली.